हलकी बॅग

जेद्दा, शुक्रवार

प्रिय मोहियुद्दीन,

सर्वप्रथम एक तक्रार. ती अत्यंत गंभीर स्वरूपाची असल्यामुळे चष्मा लावून, नीट मांडी घालून वाच. नूरुन्निसा भाभींनी तुमच्या मुझम्मिलसाठी पाठवलेली आगळाची बाटली माझ्या कपाटात गळली. फुटली असती तर मी काही बोललो नसतो. फुटण्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा असतो. ही मात्र झाकणातून चोरासारखी झिरपत राहिली आणि खालच्या कप्प्यातल्या माझ्या पांढऱ्या शर्टापर्यंत पोचली. झाकण तूच बसवलंस हे मी शपथेवर सांगतो, कारण भाभींनी बसवलेलं झाकण आजवर कुणा पुरुषाला उघडता आलेलं नाही. पाठशाळेत गुरुजींनी आम्हाला आत्म्याची जी जी लक्षणं पाठ करायला लावली होती, ती सगळी कोकमाच्या डागाला लागू पडतात. पाणी, साबण, लिंबू, खालच्या लाँड्रीतला बंगाली, सगळे हरले. दमयंती जायच्या आधी इस्त्री करून ठेवून गेली होती, त्या शर्टांपैकी हा शेवटचा होता. घालायचा म्हणून मी ठेवलेला नव्हता, पण ते जाऊ दे. नुकसानभरपाई म्हणून पुढल्या खेपेस कुळथाचं पीठ पाठव. आणि सोडे पाठवत जाऊ नकोस, माझ्या शाकाहारी कपाटाला आता बंदराचा वास येतो.

तक्रार संपली. आता जरा उठ आणि हे पत्र घेऊन मागच्या पडवीत जा. मी थट्टा करत नाही. एकट्याने वाच, भाभींना वाचून दाखवू नकोस, निदान आज नको. या जमान्यात पत्र का, असं हे पत्र घेऊन येणाऱ्या इसहाकने मला विचारलंच. तो बिचारा कायमचा निघालाय, त्याच्या सामानात जागा नाही, तरी हा लिफाफा त्याने शर्टाच्या खिशात ठेवायचं कबूल केलंय आणि दुसऱ्या कुणाच्या हातात न देण्याचंही. पत्राचं कारण तू आहेस. या आठवड्यात मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू फोन स्पीकरवर टाकलास. एकटा आहेस का म्हणून विचारलं तर म्हणालास, "इथे कोण परका आहे रे शास्त्री, बोल की!" मागून भाभींनी सलाम केला, कुणीतरी खोकलं, कोंबडी ओरडली, आणि इफराच्या वडिलांनी, म्हणजे तुझ्या होणाऱ्या व्याह्यांनी, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी माझ्या शुगरबद्दल बोललो आणि फोन ठेवला. तुझा फोन म्हणजे खासगी बोलण्याची जागा नव्हे, ती ग्रामसभा आहे.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. कुटुंबामागची सरकारी फी वाढल्यावर दमयंती आणि विभा चिपळूणला गेल्या, हे तुला माहीतच आहे. विभा आता तिकडच्या कॉलेजात रमली. फोनवर मला इंग्रजीत विचारते, जेवलात का, आणि मी संस्कृतात हो म्हणतो. मधली मराठी कुठे गेली ते आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. ऑफिसात माझ्या शेजारी एका सौदी मुलाची खुर्ची लावलीय. त्याने माझं काम शिकायचं आणि मी शिकवायचं. मुलगा सालस आहे, मला 'उस्ताद' म्हणतो, सकाळी स्वतःच्या हाताने अरबी कॉफी, गावा, ओतून देतो. आपल्याच श्राद्धाचा भटजी आपल्यालाच मंत्र विचारतोय असं कधी कधी वाटतं, पण त्यात त्याचा काय दोष? त्यालाही नोकरी हवीच. तेव्हा संध्याकाळी घरी भिंतींशी बोलण्यापेक्षा डॉक्टरांचं ऐकलं आणि एका डोंगर चढणाऱ्या मंडळात नाव घातलं. सुट्टीला ते लोक गाडी करून कुठेतरी नेतात, वाटाड्या असतो, दमेपर्यंत चढवतात आणि वर खजूर देतात. पोट थोडं कमी झालंय. आपण शराफिया भागातल्या खोलीत राहायचो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर जायला मी लिफ्टची वाट बघत उभा राहायचो, आठवतं ना? तू जिन्याने जाऊन, वजू करून, चहा टाकून मोकळा व्हायचास.

मुझम्मिलबद्दल लिहायला बसलोय आणि बाकी सगळं लिहितोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तो दिवाळीपासून माझ्याकडे फिरकला नव्हता. नाहीतर तुला माहीत आहे, गावाहून काही आलंय असं नुसतं कळवलं की संध्याकाळपर्यंत दारात हजर आणि चपला काढायच्या आत पिशवीत हात. या वेळी मी तीनदा निरोप पाठवला, भाभींचं आगळ आलंय, ने. येतो काका, दुकानात गर्दी आहे काका. म्हणून ती बाटली माझ्या कपाटात राहिली. मी रागावलो, आणि राग आला की माणूस विचार करत नाही. चष्म्याच्या दुकानात एवढी गर्दी कशी, सगळं जेद्दा एकदम आंधळं झालं की काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मग अचानक त्याचाच फोन आला. "शास्त्रीकाका, तुम्ही डोंगरावर जाता ना, या खेपेला मलाही न्या." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तुझा मुलगा, जो खाडीवरून पीराच्या टेकडीपर्यंत कधी स्कूटरशिवाय गेला नाही, तो स्वतः होऊन डोंगर चढायचा म्हणतो. मी माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव वगैरे समजलो.

अबहाच्या पलीकडे जायचं होतं, गाडीने अख्खा दिवस. वाटेत पोलिसांची चौकी लागली की तो खिडकीला डोकं टेकून झोपायचा. चौकी मागे पडली की जागा. एकदा मी म्हटलं, अरे, तुझ्या झोपेला सरकारी परवाना आहे की काय. हसला. गाडीत वाटाड्या हम्माद होता, तिथलाच डोंगरातला माणूस, पोलीस त्याला नावाने ओळखत. ते त्याच्याशी शेळ्यांबद्दल बोलत आणि हात हलवून गाडी सोडत. कुणी राहण्याचा परवाना, इकामा, मागितला नाही. शेवटची चौकी गेल्यावर मुझम्मिल हळूच म्हणाला, "काका, पकडलं असतं तर एका दृष्टीने बरं. तुरुंगातून थेट घरी, तिकीटही त्यांचंच." मीही हसलो. तो विनोद असेल असं मी ठरवून टाकलं, कारण ते सोयीचं होतं.

तुला त्या डोंगराची कल्पना द्यायला हवी. वाळवंटात आयुष्य काढून या देशात धुकं असतं यावर तुझा विश्वास बसणार नाही. एका बाजूला सुरूसारखी पण वाकडी झाडं, त्यांत माकडांचे कळप, थंडी अशी की माझी कानटोपी मी अभिमानाने घातली. दुसऱ्या बाजूला तिहामा, म्हणजे समुद्राकडचा सखल मुलूख, पण तो खाली कुठेतरी. मध्ये फक्त हवा. त्या सर्वांत उंच टोकाला हम्मादचे लोक नुसतं 'रास' म्हणतात, डोकं. तिथे जायला डोंगराची मान ओलांडावी लागते, आणि ती मान फार बारीक आहे. दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत. दोन्हीकडे पाय ठेवायला दगड नाही. आपल्याकडचा शेताचा बांध डोळ्यासमोर आण आणि त्याच्या दोन्ही बाजूंची शेतं काढून टाक.

तिथे खडकात लोखंडी खुंट ठोकलेत आणि त्यांतून दोर ओढलाय. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरीने बांधलेली एक कडी. कडी दोरात अडकवायची आणि चालायचं. खुंट आला की कडी काढायची, पलीकडच्या दोरात अडकवायची. हम्मादचा कायदा असा की पलीकडे अडकवल्यावर मोठ्याने 'तमाम', म्हणजे ठीक आहे, असं म्हणायचं, ते ऐकल्याशिवाय तो स्वतः पाऊल पुढे टाकत नाही. आम्ही आठेक जण होतो. मी सगळ्यांच्या शेवटी, कारण माझी गती तुला ठाऊक आहे, आणि माझ्या पुढे मुझम्मिल. काकांना सांभाळायला मी मागे थांबतो, असं तोच हम्मादला म्हणाला. निघायच्या आधी त्याने मोबाइल, पाकीट आणि मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे दिलं. ते तुझं घड्याळ, तू इथून कायमचा जाताना विमानतळावर त्याच्या हातात बांधलेलं. "माझ्या खिशाची चेन खराब आहे काका, पडेल." मी ते माझ्या जाकिटात टाकलं.

मधल्या खुंटाच्या पुढे वाट एका खडकाला वळसा घालते. पुढची माणसं त्या वळणाआड गेली. खालून धुकं वर येत होतं, आमच्या पायाशी पोचलं होतं. मुझम्मिल थांबला. मला वाटलं दम लागला. मग मला दिसलं की त्याची कडी दोरात नाही, मोकळी मांडीशी लोंबतेय. तो तिहामाकडे तोंड करून उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, बसची वाट बघत उभा राहिल्यासारखा. मोहियुद्दीन, माझ्या जिभेवर इतक्या भाषांचे संस्कार झालेत, पण त्या क्षणी एकही कामाला आली नाही. हाक मारावी तर दचकेल. हात लांबवावा तर पोचत नाही. मग माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "अरे मुझम्मिल, तुझ्या अम्मीच्या आगळाने माझा पांढरा शर्ट पार बिघडवला, त्याची भरपाई कोण देणार?" डोंगराच्या मानेवर उभा राहून, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून, मी झाकणाबद्दल बोलत राहिलो. झाकण अब्बांनी बसवलं असणार, लाँड्रीतला बंगालीसुद्धा रडला, कपाटाला सोड्यांचा वास येतो. बराच वेळ तो वळला नाही. मग त्याचे खांदे हलले. हसत होता की काय होतं मला सांगता येणार नाही, मला त्याची पाठ दिसत होती. त्याने खाली बघून कडी उचलली आणि दोरात अडकवली. हम्मादने वळणापलीकडून विचारलं, काय झालं. "काही नाही, कडी लावायची राहिली होती," मुझम्मिल म्हणाला. हम्मादने परत येऊन त्याला फैलावर घेतलं, तुझ्या आईचा एकच मुलगा आहेस ना, वगैरे. आणि तिथून पुढे त्याला स्वतःच्या मागेच बांधून नेलं.

रासवर पोचल्यावर सगळ्यांनी फोटो काढले. मला फोटोची इच्छा नव्हती, मी दगडाला टेकून बसलो. तिथे मोबाइलला रेंज येते, या देशाची ही एक गंमत. माझ्या जाकिटात त्याचा फोन थरथरू लागला, थांबेचना. काढून त्याला द्यावा म्हणून बघितलं तर तूच. ओळीने तुझे निरोप. गावातल्या कुबराबीच्या मुलाच्या पासपोर्टचा फोटो, त्याच्या मेव्हण्याच्या पासपोर्टचा फोटो, 'बेटा यांचं बघ, तुझ्या मालकाशी बोल', आणि शेवटी नव्या माडीला रंग लावतानाचा तुझा फोटो, ब्रश हातात, दात बाहेर. मी फोन त्याच्या हातात दिला. तो बघत बसला. मग म्हणाला, "काका, मालक कुठला? दुकान तर कधीच बंद झालं." चष्म्याच्या दुकानांत सौदी माणसंच ठेवायची असा कायदा आला. आधी तपासणी आली की हे लोक शटर ओढून मागच्या खोलीत बसून राहायचे. मग मालकाने शटर ओढलं ते ओढलंच. ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील फोन उचलत नाही. इकामा संपलाय. कधी एखाद्या कँटीनमध्ये भांडी, कधी तेही नाही. तुला दर शुक्रवारी तो जे फोटो पाठवतो ते दुसऱ्याच शोरूमसमोर उभं राहून काढलेले आहेत, काच पुसणारा ओळखीचा आहे म्हणून. मी विचारलं, अरे, घरी का नाही सांगितलंस? त्याने जे उत्तर दिलं ते मी तुला जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात तुझा वाटा आहे. "काका, बॅग हलकी आहे."

तुला आठवलं असेल, किंवा नसेल. बोलणाऱ्याला कुठे आठवतं. गल्फहून आलेला माणूस होडीतून तरीवर, आपल्या धक्क्यावर, उतरला की त्याची बॅग पहिली कोणी उचलायची हा आपल्या खाडीवरचा मान, आणि तू परत गेल्यापासून तो तुझा. बॅग उचलायची, वजन बघून मान हलवायची आणि दोन शब्द बोलायचे. कुबराबीचा मुलगा परत आला तेव्हा तू त्याची बॅग एका बोटावर उचललीस आणि म्हणालास, "हवा भरून आणलीस काय रे, पंपाचे पैसे तरी दिलेस ना?" धक्क्यावरची सगळी माणसं हसली. तो किस्सा तू दुसऱ्या दिवशी मुझम्मिलला फोनवर सांगितलास, स्पीकर लावून, मागे पुन्हा हशा. त्या वेळी मुझम्मिलचं दुकान बंद होऊन आठवडा झाला होता. त्यानेही हसून दाखवलं म्हणतो. मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तू दुष्ट नाहीस. आयुष्यभर इथे बॅगा भरल्यास, तुझी स्वतःची बॅग उचलायला दोन माणसं लागली होती, त्या वजनाचा अभिमान तुला असणारच. आणि त्याच मुलाचा पासपोर्ट तू काम बघ म्हणून मुझम्मिलला पाठवतोस, म्हणजे मन तुझं मऊच आहे. पण ते मन तू तरीवर नेत नाहीस, घरी ठेवून जातोस.

आता कामाचं. त्याला परत पाठवण्याचा मार्ग आहे. कॉन्सुलेटमध्ये नाव द्यायचं, लेबर ऑफिसात खेटे घालायचे, बोटांचे ठसे, मग एक्झिट. वेळ लागतो, पण होतं. माझ्या ओळखीचे दोघे असेच गेले. मी बरोबर जातो म्हटलं, फॉर्म भरून ठेवला. तो येत नाही. ईदनंतर इफराशी निकाह आहे, माडीला रंग लागलाय, अब्बांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, असं म्हणतो. माझ्या शब्दाला त्याच्याकडे किंमत आहे, पण बॅगेचं वजन मी ठरवत नाही. ते तू ठरवतोस. म्हणून तू त्याला फोन कर. स्पीकर बंद करून, पडवीतून, हळू आवाजात. निकाहाचं, रंगाचं, कुबराबीच्या मुलाचं काही बोलू नकोस. इतकंच सांग की ये, रिकाम्या हाताने ये, बॅग न घेताच ये, मी तरीवर येतो आणि तुलाच उचलून आणतो. इफराच्या वडिलांना काय सांगायचं ते नंतर बघू. नाहीतर त्यांना सगळं कळून लग्न मोडू दे. लग्नं मोडतात आणि माणसं जगतात. आणि फोन करताना रडू आलं तर येऊ दे. त्याने तुला कधी रडताना ऐकलेलं नाही, त्याचा उपयोग होईल.

इतकं सगळं मी आडवळणाने लिहिलं, कारण सरळ लिहायला हात होत नव्हता. खुंट ओलांडल्यावर त्याने कडी लावली होती. मी कडीचा आवाज ऐकला, त्याने 'तमाम' म्हटलेलंही ऐकलं. हम्माद वळणाआड गेल्यावर त्याने ती काढली. मी पाहिलं. उतरताना त्याने खिशातून रुमाल काढला तेव्हा चेनही पाहिली, ती नीट लागत होती. आम्ही दोघेही त्याबद्दल एक शब्द बोललेलो नाही. मी त्याला त्याच्या खोलीवर जाऊ दिलं नाही, थेट माझ्याकडे आणलं. विभाच्या खोलीत झोपतो. जेवायला वाढलं की जेवतो, विचारलं की हसतो, माझा शर्ट त्याने परवा पुन्हा एकदा धुऊन वाळत घातला. घड्याळ त्याने अजून परत मागितलेलं नाही, ते माझ्या टेबलावर आहे. आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे, तुला ती गॅलरी आठवत असेल. मोहियुद्दीन, मला भीती वाटते. दिवसभर मी ऑफिसात असतो आणि तो घरी एकटा असतो.

तुझ्या फोनची वाट बघणारा, तुझाच
शास्त्री
(जगदीश)